आत बटण झोपलीय

आमच्या घरात एक खोली आहे. तिच्या दारापाशी आलं की मुलं आपोआप चवड्यांवर चालायची. त्यांना कुणी दटावलेलं नव्हतं, कुणी डोळे वटारलेले नव्हते. नवीन पोरगं आलं की जुनं पोरगं त्याला कोपऱ्यात घ्यायचं आणि कानात सांगायचं, "हळू चाल. आत बटण झोपलीय." नवीन पोरगं डोळे मोठे करून दाराकडे बघायचं आणि दुसऱ्या दिवसापासून तेही चवड्यांवर चालायला लागायचं. इतकी वर्षं मी हे बघितलं, त्यामुळे अजूनही संध्याकाळी त्या दारावरून जाताना माझीही चप्पल वाजत नाही. आणि माझ्या पायांचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू जातो अशी एरवी रोजची तक्रार आहे.

ही हकिगत माझ्या ताईची. माझी थोरली बहीण. ती घरी लहान मुलं सांभाळते. आईबाप कामावर जाताना सोडतात, संध्याकाळी घेऊन जातात, मधला सगळा दिवस ताईचा. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवते आणि जे शोभत नाही ते शोभतं म्हणून सांगते. सुट्टी असली की ताईच्या हाताखाली असते. मुलं तिला मोठी मावशी म्हणतात, मला चष्मामावशी. ओळखीचे म्हणतात, धाकटीच्या तोंडाला कडी नाही आणि थोरलीच्या तोंडाला किल्ली नाही. खरं आहे ते. दोघींच्या वाटचं मीच बोलते.

ताईचा हातखंडा म्हणजे मिठाचं पीठ. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि कोमट पाणी लागेल तसं. झालं. पण तेच मी मळलं तर एक तर हाताला चिकटून बसतं नाही तर भेगा पडतात. ताई मुलांना सांगते, "आपल्या कानाची पाळी दाबून बघा, पीठ तसं लागलं पाहिजे." मग सगळी पोरं एका हातात गोळा आणि दुसऱ्या हातात शेजारच्याचा कान धरून बसतात, आणि थोड्या वेळाने कुणीतरी रडतंच. मीठ एवढं का, असं आया विचारतात. एक तर पीठ खराब होत नाही, आणि दुसरं म्हणजे पोरगं ते एकदाच चाखतं. दुसऱ्यांदा कुणी तोंडात घातल्याचं मला आठवत नाही.

त्याच्या गोगलगाई होतात, पानं होतात, चंद्र होतात, ज्याला काहीच जमत नाही त्याचा साप होतो. मग ते सगळं खिडकीत वाळत ठेवायचं. ताई भट्टीत भाजू देत नाही. वरून कडक होतं आणि आत ओलं राहतं म्हणते. रोज उलटायचं, रोज थोडं थोडं वाळू द्यायचं. आणि इथे ताईची स्वतःची एक भाषा होती. ओलं पीठ म्हणजे जागं पीठ. वाळलं की झोपलं. "ह्याला आता हात लावायचा नाही, हे झोपतंय," असं ती म्हणाली की वांड पोरंसुद्धा हात मागे बांधून खिडकीसमोर उभी राहायची. सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न तोच असायचा. "मोठी मावशी, माझा साप झोपला का?"

बाहेरच्याला वाटेल, काय गोड बाई आहे. मला मात्र तो प्रश्न कानावर पडला की तिथून उठावंसं वाटायचं, कारण तो पहिल्यांदा कुणी विचारला ते मला ठाऊक आहे.

ताईला एक मुलगी होती. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण सगळे बटण म्हणायचे. झोपताना तिला ताईच्या गळ्याशी असलेलं बटण बोटांत धरायला लागायचं. ते फिरवत फिरवतच तिचा डोळा लागायचा. ताईच्या प्रत्येक कपड्याचं वरचं बटण लोंबलेलं असायचं. मी शिवून शिवून कंटाळले होते. "हिच्या सासरी बटणांचा कारखाना शोधू या," असं मी म्हणायचे आणि ती चार वर्षांची पोर लाजायची.

एका दुपारी मायलेकींनी पिठाची जाड चकती केली आणि बटणने तिच्यावर पंजा दाबला. उजवा, बोटं फाकून. ताईने चकती खिडकीत ठेवली आणि म्हणाली, "आता झोपू दे हिला." त्या संध्याकाळी बटणला ताप चढला. पुढचे दिवस ती अंथरुणातून एकच विचारत राहिली, "झोपली का गं चकती?" ताई उठायची, खिडकीत जाऊन चकतीला बोट लावायची, परत यायची. "नाही अजून. मधे ओली आहे." औषधं चालू होती, ताप उतरायचा आणि चढायचा. मग एका पहाटे बटणच झोपेतून उठली नाही. ताईच्या करड्या स्वेटरचं वरचं बटण तिच्या मुठीत तुटून आलेलं होतं. कुणाला ती मूठ सोडवायचा धीर झाला नाही. ते तिच्याबरोबरच गेलं.

सगळं आटोपून घरी आल्यावर ताई थेट खिडकीशी गेली. चकती उलटी केली, मधोमध बोट लावलं आणि म्हणाली, "झोपली." चकती की पोर, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर बटणबद्दल ताईच्या तोंडून दुसरा शब्द आला नाही. मेली तर नाहीच, गेली असंसुद्धा नाही. भाऊजींनी पुष्कळ समजावलं, मग भांडले, मग एक दिवस दुसऱ्या गावी बदली मागून घेतली आणि हळूहळू तिकडचेच झाले. त्यांचा मला राग येतो, पण फार येत नाही. ज्या घरात बायको जेवण अर्धवट सोडून "जरा बघून येते, उठली नसेल ना" म्हणून आतल्या खोलीत जाते, त्या घरात माणूस किती दिवस घास गिळेल? मी राहायला आले ती त्या वेळी. चार दिवसांसाठी आले होते. माझे कपडे अजून ताईच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत.

ती चकती आतल्या खोलीत असायची, बटणच्या पलंगाशेजारच्या टेबलावर, मऊ फडक्यात गुंडाळलेली. बटणचे फोटो भाऊजी घेऊन गेले, कपडे ताईनेच कधीतरी कुणाला देऊन टाकले, पण चकतीला हात लावू दिला नाही. तिच्यावर बटणच्या तळहाताच्या रेषासुद्धा होत्या. आता मिठाच्या पिठाची एक खोड आहे. हवा दमट झाली की मीठ पाणी ओढतं. त्या दिवसांत फडकं उघडलं की पाच बोटांच्या पाच खळग्यांत बारीक बारीक थेंब दिसायचे आणि तळहात ओलसर चमकायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ताई शांतपणे टिपत होती. "घाम आलाय तिला," म्हणाली.

दर वर्षी टिपून टिपून ठसा झिजत चालला. करंगळीची कड जवळजवळ गेली होती. रेषांपैकी एकच उरली होती. मी रंगाच्या दुकानातून व्हार्निशची बाटली आणली, म्हटलं, एक हात मारला की ओल शिरणार नाही, जन्मभर टिकेल. ताईने बाटली माझ्या हातातून घेतली आणि झाकणही न उघडता परत पिशवीत घातली. "दम कोंडेल," म्हणाली. यावर काय बोलणार? मी बोलले म्हणा पुष्कळ, पण भिंतीशी बोलल्यासारखं. माझ्या जिवाला एकच घोर होता. ही चकती एक दिवस विरघळणार, आणि त्या दिवशी ताईचं काय होईल?

एकदा दुकानात एक गृहस्थ आले, त्यांचा मुलगा ताईकडे यायचा. फ्रेम नाकावर बसवताना दबक्या आवाजात म्हणाले, "एक विचारू का? ती बटण नावाची मुलगी आहे ना तुमच्याकडे, तिला काय झालंय? आमचा म्हणतो, ती रोज झोपलेलीच असते. लागण होण्यासारखं काही नाही ना?" माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. "नाही," म्हटलं, "लागण व्हायची असती तर आम्हाला कधीच झाली असती." त्यांना ते कळलं नाही. बरंच झालं.

घरी आले ती तणतणतच. ताई मुलांच्या वाट्या धूत होती. "मुलांना काय सांगून ठेवलंयस तू? लोक दुकानात येऊन विचारतात मला."

"खोटं काय सांगितलंय?"

"ताई, एकदा तोंडाने म्हण. दुसऱ्या कुणासमोर नको, माझ्यासमोर म्हण. ती मेली. एवढंच तर आहे."

तिने नळ बंद केला, वाट्या पालथ्या घातल्या, हात पुसले. "तू दमून आली आहेस," म्हणाली आणि मला चहा टाकून दिला. मला असा संताप आला. चहा प्यायले मात्र.

त्याच वर्षी आमच्याकडे काकूबाई आली. हे आम्ही ठेवलेलं नाव. वय चार, केस चापून बसवलेले, हात पाठीमागे बांधून घरभर फिरायची आणि सगळ्यांना सूचना द्यायची. तिची आई बेकरीत कामाला, अगदी सकाळी सोडून जायची. काकूबाईला कुठलीही गोष्ट सांगितली की ती "का?" विचारायची आणि एकदा उत्तर मिळालं की त्याप्रमाणे वागायची, अगदी तंतोतंत. "दात घासताना नळ बंद ठेव, पाणी संपतं," असं एकदा म्हटलं तर ही दुसऱ्यांच्या घरचे नळ बंद करायला निघाली. तिच्याशी बोलताना जपून बोलावं लागायचं, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. ताईला कळायला हवं होतं.

"बटण कधी उठते?" काकूबाईने एकदा विचारलं.

"अजून नाही," ताई म्हणाली.

"तिला भूक नाही लागत?"

"नाही."

"का?"

ताईने तिच्या हातात पिठाचा गोळा दिला आणि विषय बदलला. काकूबाई गोळा मळत राहिली, पण तिची नजर त्या दारावर होती.

मग दमट दिवस आले. कपडे वाळेनात, काड्या पेटेनात, खिडकीत ठेवलेल्या गोगलगाई आठवडा झाला तरी जाग्याच. मी संध्याकाळी पुसापुशी करायचे. मुलं गेल्यावर घरात जिकडे तिकडे पिठाचे पांढरे पंजे उमटलेले असतात, दाराला, खुर्चीला, आरशाला, सगळे माझ्या मांडीच्या उंचीवर. एक एक पुसत जायचं. त्या दिवशी ताई आतल्या खोलीत गेली होती, चकती टिपायला, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत डोकावले. ती कपाटासमोर खाली बसली होती. कपाटाच्या दारावर, अगदी खालच्या बाजूला, एक पांढरा पंजा उमटला होता. लहानसा. उजवा. बोटं फाकलेली.

त्या खोलीत मुलं जात नाहीत. इतक्या वर्षांत एकही गेलं नव्हतं.

"कुणीतरी कार्टं शिरलं असेल," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण जरा वर चढलेला.

ताईने मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर मी ओळखत नव्हते असं काहीतरी होतं, आणि मग लक्षात आलं की ती खूश आहे. "आली होती," ती म्हणाली.

खरं सांगते, मी घाबरले. त्या पंजाला नाही, ताईला. पुढचे दिवस ती हवेत होती. आतल्या खोलीचं दार ती आता पूर्ण लावेना, फट ठेवायची. पलंगावरची चादर बदलली. वाट्या मांडताना एक जास्त मांडली आणि मी बघतेय म्हटल्यावर उचलली. मुलांशी खेळता खेळता मधेच थांबून कान द्यायची, आणि ती थांबली की मुलंही थांबायची, सगळं घर गप्प. नळ गळत असला तरी मला धस्स व्हायचं. डॉक्टरला दाखवावं का, कुठल्या डॉक्टरला, काय म्हणून दाखवावं, मी दुकानात फ्रेमा पुसत हेच घोकत होते. तो पंजा पुसावा असं रोज वाटायचं आणि रोज माझा हात व्हायचा नाही.

एके दिवशी दुकानात वीज नव्हती म्हणून मालकांनी घरी पाठवलं. मी आले तेव्हा मुलं पिठात कोपरापर्यंत बुडाली होती. एका मुलाच्या वाळलेल्या गोगलगाईचं शिंग मोडलं होतं आणि त्याने भोकाड पसरलं होतं. "रडू नको, बघ काय करते," ताई म्हणाली. तिने बोट कोमट पाण्यात बुडवलं आणि मोडलेल्या जागी चोळत राहिली. हळूहळू वाळलेलं पीठ मऊ पडलं, पांढरं, चिकट झालं. तिने शिंग टेकवून दाबलं. बसलं.

काकूबाई तिच्या कोपराशी उभी होती, हात पाठीमागे. "हे काय झालं?"

"पाण्याने जागं झालं."

"झोपलेलं जागं होतं?"

"होतं ना."

"खूप दिवस झोपलेलं असलं तरी?"

"कितीही दिवस," ताई गोगलगाईकडे बघत म्हणाली. "पाणी कोमट हवं आणि घाई करायची नाही."

मी तिथेच होते, कान चोळत बसलेल्या एका पोराची समजूत घालत. ऐकलं मी. पण त्या क्षणी माझ्याही डोक्यात काही आलं नाही.

दुपारी मुलं ओळीने झोपतात. ताईही त्यांच्या कडेला आडवी होते आणि तिचा डोळा लागतो. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. बाहेर आले तर ओळीत एक चादर सपाट होती. न्हाणीघरात बघितलं, नाही. गॅलरीत नाही. मग आतल्या खोलीचं दार दिसलं, ताईने ठेवलेल्या फटीपेक्षा जरा जास्त उघडं.

काकूबाई जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर मुलांचे हात धुवायचा टब. बाह्या व्यवस्थित दुमडलेल्या, दोन्ही हात पाण्यात. शेजारी ते मऊ फडकं घडी घालून ठेवलेलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं.

तिने माझ्याकडे बघून ओठांवर ओलं बोट ठेवलं. "अजून उठली नाहीये," ती कुजबुजली. "पण खूप मऊ झालीय."

मी खाली वाकून टबात हात घातला. चकती हाताला लागली नाही. तळाला गाळ होता, लापशीसारखा, आणि मधे एक गोळा, बोटांतून निसटणारा. काकूबाईने किती वेळ चोळलं असेल कोण जाणे. ताई म्हणाली होती तसं, कोमट पाण्यात, घाई न करता. मला एवढंच सुचलं की हे पाणी लपवायचं. टब उचलायचा, पोरीला घेऊन बाहेर जायचं, चकती चोरीला गेली म्हणायचं, उंदीर म्हणायचं, काहीही म्हणायचं. मी टबाला हात घातला आणि दारात ताई उभी होती.

तिने आधी टेबलाकडे बघितलं, मग फडक्याकडे, मग टबाकडे. मला वाटलं, आता ही किंचाळेल. मी काकूबाईच्या आणि तिच्या मधे सरकले. ताई आत आली, माझ्या शेजारी खाली बसली, करड्या स्वेटरची बाही वर केली आणि पाण्यात हात घातला. तळाशी तिचा हात फिरत राहिला, शोधत. बाहेर एक पोरगं झोपेत खोकलं.

"उठली का?" काकूबाईने विचारलं.

ताईचा पाण्यातला हात थांबला. मी मनात म्हटलं, आता जर ही "अजून नाही" म्हणाली तर ही कायमची गेली माझ्या हातून.

"नाही," ताई म्हणाली.

"का?"

"ती झोपली नव्हती, बाळा." तिने हात पाण्यातच ठेवला होता. "ती मेली. ताप आला होता तिला. तुझ्याएवढी होती, आणि मेली."

इतक्या वर्षांनी ऐकला तो शब्द. मला वाटलं होतं की ती म्हणेल त्या दिवशी मला सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. मला बटण आत्ता मेल्यासारखं वाटलं आणि मी तोंडात पदर कोंबावा तसा खांद्यावरचा नॅपकिन कोंबला.

काकूबाई विचार करत होती. तिच्या कपाळावर आठी पडली होती. "मग तू झोपलीय का म्हणत होतीस?"

"मला म्हणवत नव्हतं."

"मग मी काय उठवलं?" तिने ओले हात पाठीमागे लपवले. आपल्या हातून काहीतरी झालंय, एवढं तिला कळलं होतं. "मोठी मावशी, मी कुणाला उठवलं?"

ताईने पाण्यातला गोळा वर काढला. तो तिच्या तळहातावर पसरला होता, पाणी गळत होतं. कुठे बोट नाही, रेष नाही. तिने जिभेचं टोक लावून बघितलं. "पीठ," ती म्हणाली. "पीठ उठवलंस तू. अजून खारट आहे बघ."

मग ती रडली. मी माझ्या बहिणीला तशी रडताना कधी बघितलं नव्हतं, त्या पहाटेसुद्धा नाही. टबावर वाकून, मोठ्याने. मुलं जागी झाली आणि एक एक करून दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या आत कुणी पाऊल टाकलं नाही. काकूबाईने वळून त्यांना बाईंसारखं सांगितलं, "या आत. इथे कुणी झोपलेलं नाहीये. बटण मेली."

त्या संध्याकाळी मी कुणाच्या आईला काय सांगितलं ते मला आठवत नाही. ताईने तो सगळा गाळ फडक्यातून गाळला. मला वाटलं, ठेवेल कुठेतरी, डबीत वगैरे. तिने त्यात मैदा घातला, मूठभर मीठ घातलं आणि मळायला बसली. मी म्हटलं, "ताई, काय करतेस?" म्हणाली, "जागं झालंय तर करायला नको का काहीतरी?" कानाच्या पाळीएवढं मऊ झाल्यावर फडक्याखाली झाकलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांना सारखं वाटलं. त्यांनी त्याचं नेहमीचंच केलं. गोगलगाई, चंद्र, साप. एकाने गाडी केली, तिला तीनच चाकं होती. ताईने स्वतःसाठी काही केलं नाही. वस्तू वाळल्या तशा मुलं त्या घरी घेऊन गेली, आणि कोणत्या घरात काय गेलं हे ताईला अजून बिनचूक ठाऊक आहे. हवा दमट झाली की ती खिडकीत उभी राहून म्हणते, "आज सापाला ओल आली असेल." मी ऐकून घेते. तेवढं तिला माफ.

खिडकीत वस्तू असताना मुलांनी विचारलं, "झोपलं का?" ताई म्हणाली, "वाळतंय अजून." पोरांना नवा शब्द फारसा आवडला नाही. पण आता ती तोच म्हणतात.

एक गोष्ट राहिली. मी काकूबाईला बाजूला घेऊन विचारलं होतं, "त्याआधी तू किती वेळा गेली होतीस आत?" तर म्हणे, एकदाच, पाणी घेऊन. "मग कपाटावरचा हात?" तिने येऊन तो पंजा नीट बघितला. "माझा नाही," म्हणाली. मुलं खोटं बोलतात, सगळीच बोलतात, हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला बजावते. पण काकूबाईला खोटं बोलता येत नाही, तो तर सगळा घोटाळा होता. मी तो पंजा अजून पुसलेला नाही.

सगळ्यात शेवटी काकूबाईची वस्तू वाळली, कारण ती सगळ्यात जाड होती. तिने रोज ती उलटली, रोज मधे बोट लावलं. मग एका सकाळी हात पाठीमागे बांधून ताईसमोर येऊन उभी राहिली. "तुझ्या स्वेटरला वरचं बटण नाहीये," म्हणाली. "मी पहिल्या दिवशीच बघितलं होतं." आणि हात पुढे केला. जाडजूड, वाकडं, दोन भोकांचं बटण. भोकं तिने काडीने पाडली होती.

ताईने ते घेतलं. अंगठ्याने फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा.

"धुवायचं नाही हं," काकूबाई बोट उगारून म्हणाली. "पाण्यात घातलंस तरी बटण उठणार नाही. नुसतं पीठ होईल."

"नाही घालणार," ताई म्हणाली. "मला माहीत आहे."

काकूबाईचं समाधान झालं आणि ती दुसऱ्यांना सूचना द्यायला निघून गेली. ताईने स्वेटर अंगातून काढला, मांडीवर घेतला, सुई शोधली. कितीदा सांगून झालं, पण ही बाई चष्मा लावत नाही. सुई आणि दोरा माझ्यापुढे धरून म्हणाली, "ओवून दे गं, मला दिसत नाहीये." मी घेतलं. दोरा तोंडात ओला केला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. मलाही दिसत नव्हतं.